नसलेल्या लेकराचं दूध

मला दिवस गेल्याचं गावात सगळ्यांत आधी माझ्या सासूने जाहीर केलं. मला ते नंतर कळलं. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे आमचं गाव, घरची धानाची शेती, आणि रोवणीत घरातल्या बायांनी बांधीच्या चिखलात उतरायचं म्हणजे उतरायचं, सून बारावी सायन्स शिकलेली असली तरी. मी साडी खोचून पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची जुडी हातात घेतली, तर सासू शेताच्या धुऱ्यावरून ओरडली, "निंघ तिकून! वाकू नको. दोन जीवाची हायेस, तुले समजत नाई काय?" शेजारच्या बांधीतल्या बायांनी कंबर सरळ करून माझ्याकडे पाहिलं. मी चिखलात तशीच उभी.

(आमच्या घरात पवारी बोली चालायची. पण पवारी लिहायला बसले तर निम्म्या वाचकांना कळणार नाही, म्हणून सासूचं बोलणं ती गावात बोलायची त्या झाडीबोलीत लिहिते. तिला चालेल. तिला माझं बाकी काहीच चालायचं नाही, एवढं चालेल.)

तिचा तर्क सरळ होता. माझी पाळी कित्येक महिने आली नव्हती आणि त्याच सुमारास धुवायला टाकलेल्या माझ्या ब्लाउजवर तिला दुधाचे डाग दिसले होते. पाळी बंद, अंगावर दूध. आणखी काय पाहिजे? लग्नाला सहा वर्षं होऊन ज्या घरात पाळणा हलला नाही, त्या घराला पुरावा तपासायची घाई नसते. मलाही नव्हती. मी कॉलेजात बेडूक फाडलेली मुलगी. पण गोष्ट स्वतःची असली की माणूस सायन्सबियन्स गुंडाळून माळ्यावर टाकतो.

मग माझे लाड सुरू झाले. नवऱ्याने गोरेगावच्या बाजारातून जिलबी आणली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात पुडा दिला, जे त्याने लग्नानंतर एकदाही केलं नव्हतं. सडक अर्जुनीहून माझी आई हिरवी साडी घेऊन आली. घरच्या घरी चोरओटी भरली. धाकट्या जावेलाही तेव्हाच दिवस गेले होते. ती मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची, हिंदी बोलणारी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कशावरही हसणारी. आम्ही दोघी दुपारी ओसरीवर बसून कोणाचं पोट पुढे आहे ते पाहायचो. तिचं वाढत गेलं. माझं काही वाढेना. "काहीचा लेकरू पाठीकडे रायते," सासू म्हणायची, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढायची.

पोट वाढेना आणि डोकं मात्र दुखायला लागलं, तेव्हा मला गोंदियाला सोनोग्राफीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईने पोटावर मशीन फिरवलं, परत फिरवलं आणि विचारलं, "किसने कहा आप प्रेग्नेंट हो?" मी सासूकडे पाहिलं. सासूने भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे पाहिलं. परतीच्या एसटीत ती खिडकीजवळ बसली आणि गाव येईपर्यंत बाहेरच पाहत राहिली. मला तिची दया आली. माझी स्वतःची यायला अजून वेळ होता.

गावात मग व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं पाडलं असेल, कोणी म्हणालं लग्नाआधीचं काहीतरी असेल, नाहीतर लेकराशिवाय दूध कुठून येतं? शेजारची एक म्हातारी आपली नात माझ्याजवळ द्यायची बंद झाली. वांझ बाई गावाला माहीत असते, तिचं काय करायचं तेही माहीत असतं. पण वांझ आणि अंगावर दूध, या बाईला कुठे बसवायचं ते कोणाला कळत नव्हतं.

गोंदियाच्या बाईंनी नागपूरला पाठवलं होतं; हे दूध कुठून येतं ते तिथल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, आणि खरंच नीट सांगितलं. वयस्क होते, शांत होते. म्हणाले, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाळंतपणानंतर ती एक रस सोडते, प्रोलॅक्टिन, त्याने दूध तयार होतं. तोच रस पाळी थांबवून ठेवतो, म्हणजे एक लेकरू अंगावर पीत असताना दुसरं राहू नये. तुमच्या त्या ग्रंथीत बारीक गाठ आहे, तिच्यामुळे हा रस उगाचच वाहतोय. "तुमच्या शरीराचा असा समज झालाय की मांडीवर लेकरू आहे. म्हणून ते दुसरं येऊ देत नाही." गोळ्या दिल्या. दूध आटेल, पाळी येईल, मग मूल होण्यात अडचण नसावी, असं म्हणाले. सुरुवातीला मळमळेल, चक्कर येईल, तेवढं सोसा.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. "काऊन रडून राहिली आता? डॉक्टर तं चांगलंच सांगून राहिला," नवरा म्हणाला. त्याला कसं सांगू, की इतकी वर्षं ज्याला माझा दोष म्हणत होते तो माझ्या शरीराचा एक गैरसमज होता, आणि तोही मायेचा.

गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत. चक्कर येते म्हणाले होते, आणि धाकटीचे दिवस भरत आले होते. सासू म्हणाली, घरात एक बाळंतीण आणि एक चक्करवाली नको, तिचं उरकू दे, मग खा. ते शहाणपणाचंच होतं. त्या घरात त्या काळी सगळे शहाणपणानेच वागत होते.

धाकटीचं बाळंतपण अवघड गेलं. आधी घरीच सुईणीच्या हाती, मग रक्त थांबेना म्हणून जीपमध्ये घालून गोंदियाला. जीपची मागची सीट दुसऱ्या दिवशी मी धुतली, म्हणून किती रक्त गेलं ते मला माहीत आहे. ती वाचली. मुलगी झाली होती, चिपाडासारखी. आठवडाभराने घरी आल्या तेव्हा धाकटी चुन्यासारखी पांढरी होती आणि तिला दूध आलंच नव्हतं. थेंब नाही. सासूने मेथी, खसखस, डिंक, जे गावाला माहीत होतं ते सगळं दिलं. लेकराने नुसतं चोखलं की दूध येतं, असं जगभर म्हणतात, तेही करून पाहिलं. पोरगी चोखायची, काही मिळायचं नाही, मग बारीक आवाजात रडायची. डब्याची पावडर तिला पचेना. बकरीचं दूध पाणी घालून दिलं, तर जुलाब लागले. डोळे आत गेले, टाळू खाली बसली.

एका दुपारी सासू चुलीपाशी बाटली उकळत होती, धाकटी खाटेवर ग्लानीत होती आणि पोरगी रडत होती. ते रडणं ऐकून माझा ब्लाउज पुढून भिजला. आपोआप. मी कोणाला विचारलं नाही. तिला उचललं, भिंतीला पाठ लावून बसले आणि अंगाशी घेतलं. ती आधी तोंड इकडेतिकडे करत राहिली. मग तिला सापडलं. तिच्या गळ्यातून गिळल्याचा आवाज आला आणि माझ्या अंगात डोक्यापासून पायापर्यंत काहीतरी सुटत गेलं. यालाही एक वेगळा रस असतो, हे मी पुढे वाचलं: दूध बनवणारा निराळा, पान्हा सोडणारा निराळा, आणि हा दुसरा म्हणे लेकराचा जीवही आईला लावतो. लावत असेल. मला त्या दुपारी सुख झालं, आयुष्यात त्याच्याआधी नाही आणि नंतरही नाही इतकं. ते रसाचं होतं की माझं, हे ज्याला वेगळं काढायचं त्याने काढावं.

सासू बाटली घेऊन दारात आली आणि उभी राहिली. बराच वेळ पाहिलं. मग बाटली खाली ठेवली. "आता पाजूनच राहिली तं नीट पाज," ती म्हणाली. "मान धर तिची." खाटेवर धाकटी जागी झाली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पोरगी माझ्या अंगावर वाढली. गालांवर मांस आलं, मांड्यांना वळ्या पडल्या. गावात ज्या बाया माझ्याविषयी कुजबुजत होत्या त्याच आता म्हणू लागल्या की देवाने आधीच सोय करून ठेवली होती. देव आमच्याकडे असाच असतो, निकाल लागल्यावर येतो. सासू मात्र देवाच्या भरवशावर राहणारी नव्हती. तिने विचारलं, "गोळ्या कवा सुरू करतेस?"

मी म्हटलं, गोळ्या घेतल्या तर दूध आटेल.

"आटू दे. पोरगी आता बकरीच्या दुधावर रायते. तुले तुयं लेकरू पायजे का नाई?"

"आणि पुन्हा जुलाब लागले तर?"

"नाई मरत. पोरीची जात चिवट रायते."

तेव्हा मी पहिल्यांदा सासूच्या तोंडाला तोंड दिलं. म्हटलं, माय, चिवट आहे की नाही हे पाहायला ही पोरगी मी देणार नाही. नवरा मध्ये पडला. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त कोणाचीच बाजू घेता येत नाही. ठरलं असं, की उष्टावणापर्यंत पाजायचं. भात भरवला की गोळ्या सुरू. उष्टावण झालं, पण पोरगी भात थुंकून टाकायची. मग पावसाळा आला, गावात हगवण पसरली आणि अंगावरचं तोडायची ही वेळ नव्हे, असं सासूच म्हणाली. मग दात आले, मग गोवर आला. नागपूरला दाखवायला गेले तर डॉक्टर रागावले. गाठ वाढू शकते म्हणाले, मुलीला आता वरचं अन्न द्या, स्वतःकडे बघा. मी हो म्हटलं. पुढच्या तारखेला मी गेले नाही.

माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. गावात नंतर माझं हुतात्म्याचं चित्र रंगवलं गेलं, ते मला आवडत नाही. मी त्या पोरीसाठी वेडी झाले होते. रोज वाटायचं, आणखी थोडे दिवस. माझ्या शरीराचा समज झाला होता की मांडीवर लेकरू आहे, आणि आता खरंच होतं. मग चुकलं कोण होतं? मूल काय, पुढेही होईल, वय कुठे पळून चाललंय, असं मी स्वतःला सांगत असे. वय पळतच होतं.

त्या वर्षांत मला जनावरांचा नाद लागला. माझा एक मामेभाऊ नागझिऱ्याकडे वनरक्षक होता. तो सांगायचा, रानकुत्र्यांच्या टोळीत एकच मादी विते आणि बाकी सगळे राबतात. शिकार करून पोटात मांस आणतात आणि पिल्लांपुढे ओकून टाकतात, पिल्लं कोणाची का असेनात. पुढे घरात डिश आली तेव्हा आफ्रिकेच्या वाळवंटातली मुंगसासारखी जनावरं पाहिली. त्यांच्यातही राणी एक. खालच्या पायरीच्या माद्या राणीची पिल्लं सांभाळतात, अंगावर पाजतात. त्यांच्यातल्या काहींना स्वतः न विताच दूध येतं. आणि एखादी स्वतः गाभण राहिलीच तर राणी तिला मारून टोळीबाहेर काढते. नवरा म्हणाला, "कायले पाहून राहिली असला?" मी आवाज थोडा वाढवला. आमच्या घरात राणी नव्हती. धाकटी तर स्वतः अर्धमेली. मला कोणी हाकललं नाही, कोणी अडवलं नाही. तरी शेवट तोच. हे कोणत्या शास्त्रात बसतं ते मला अजून सापडलेलं नाही.

पोरगी मला माय म्हणायची. आईला मात्र सगळे हाक मारायचे त्याच नावाने हाक मारायची. सुरुवातीला सगळे हसले, धाकटीही हसली. मग ती हसायची थांबली. तिची पाळी परत आली नव्हती आणि पुढेही आली नाही. दुसरं लेकरू होणार नाही, हे तिला कोणी न सांगता कळलं असावं. या घरात आम्हा दोघींमध्ये मिळून एकच लेकरू होणार होतं, आणि ते माझ्या अंगावर होतं. पोरगी पडली की माझ्याकडे धावायची. मी कामात असले आणि धाकटीने तिला उचललं की ती हातपाय झाडायची. धाकटी तिला मुकाट्याने खाली ठेवायची. मी हे पाहत होते आणि मला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी पोरगी आपल्याकडेच येते याचा आनंदही होत होता. दोन्ही खरं आहे.

ती अडीच वर्षांची झाली तेव्हा दिराला रायपूरला नोकरी लागली. मला आधी वाटलं तो एकटाच जाईल. तो म्हणाला, तिघंही जाणार. अंगावरचं तोडायला मी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. पोरीने एकदा चाटलं, तोंड वाकडं केलं, फ्रॉकने पुसलं आणि पुन्हा पिऊ लागली. शेवटी धाकटीच म्हणाली, राहू द्या, तिकडे गेली की आपोआप सुटेल.

जायच्या आदल्या सकाळी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. मी भांडी घासत होते. तिने माझा राखेने भरलेला हात धरला. "दीदी, एक बात मानोगी? इसको कभी मत बताना." मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवया विरळ झाल्या होत्या आणि भर उकाड्यातही तिने शाल घेतली होती. "मेरे पास और कुछ नहीं है," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही सांगणार. मी मनापासून म्हटलं. तिचं सगळं मी घेऊन बसले होते, हे मला कळत होतं.

ते गेल्यावर दूध काही दिवस वाहतच राहिलं. मग मी गोळ्या सुरू केल्या. मळमळ झाली, चक्कर आली आणि दूध आटलं. पाळी काही आली नाही. डोकं दुखणं वाढलं आणि मी दाराच्या चौकटीला धडकू लागले, नेहमी एकाच बाजूने. त्या बाजूचं मला दिसतच नव्हतं. नागपूरला नाकातून ऑपरेशन करून गाठ काढली. नजर बरीचशी वाचली. त्या ग्रंथीचं मात्र फारसं काही उरलं नाही आणि मूल होण्याचा प्रश्न तिथे मिटला. लवकर आला असतात तर गोळ्यांवरच भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सासू म्हणाली, "सांगतलं होता ना." पुढे वर्षभरात ती वारली. शेतीची वाटणी झाली. आम्ही शेत ठेक्याने दिलं आणि गोंदियाजवळ मुर्रीला दोन खोल्या बांधून राहायला आलो.

ते लोक दर वर्षी दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, यायचे. आम्हीही तेव्हा गावी जायचो. पोरगी उंच होत गेली, हिंदी बोलू लागली, मला बडी माय म्हणू लागली. गावात जाणत्या बायांना सगळं ठाऊक होतं, पण कोणी बोललं नाही. एवढी लाज गावाला असते. मी पोरीला चकल्या द्यायची, केस विंचरू का विचारायची. ती कधी हो म्हणायची, कधी नाही. मी तिच्याकडे टक लावून पाहते, अशी तिने एकदा आईकडे तक्रार केली होती, असं मला दिराने हसत हसत सांगितलं. त्यानंतर मी पाहायचं जपून पाहू लागले.

धाकटी मात्र दर वर्षी खचत होती. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बसल्या बसल्या डोळा लागायचा. तिला आळशी म्हणायचे. रायपूरचे डॉक्टर रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या द्यायचे. स्वयंपाक पोरगीच करायची, वेणीफणीही स्वतःची स्वतःच.

पोरगी तेरा वर्षांची असताना मंडईतच धाकटीला ताप भरला, उलट्या झाल्या आणि ती बेशुद्ध पडली. गोंदियाहून नागपूरला नेलं. पुरुष औषधांच्या मागे धावत होते, म्हणून तिच्याजवळ मी आणि पोरगी. सलाईनवर ती थोडी शुद्धीवर आली, तेव्हा एक तरुण डॉक्टर आला. भुवया पाहिल्या, काखा पाहिल्या, कातडी पाहिली. मग त्याने विचारलं, "बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का?"

"हो," धाकटी म्हणाली.

"त्यानंतर पाळी?"

"नहीं आई."

"आणि दूध? बाळाला अंगावर पाजलं होतं?"

पोरगी तिचा हात धरून उशाशी बसली होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "हाँ," ती म्हणाली. "ढाई साल पिलाया."

डॉक्टरने कपाळाला आठी घातली. हातातला कागद खाली घेतला. "मग ते नसावं," असं स्वतःशीच म्हणाला आणि निघायला वळला.

तो काय शोधत होता ते मला कळलं होतं. त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीपायी मी नागपूरच्या इतक्या खेपा केल्या होत्या की तिच्याविषयी जे कानावर पडेल ते मी धरून ठेवलं होतं. बाळंतपणात फार रक्त गेलं तर ती ग्रंथी मरते. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, अंगात उष्णता राहत नाही, आणि एखाद्या साध्या तापात माणूस जातं. माझी नको इतकी चालत होती, तिची त्या जीपमध्येच बंद पडली होती. तो दाराबाहेर गेला असता तर तिला पुन्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या असत्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, हिला दूध आलंच नव्हतं. पोरीला मी पाजलं."

धाकटीने डोळे मिटले. पोरीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपण कोण?" डॉक्टरने विचारलं. "मोठी जाऊ," मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की एक थेंबही नाही? मी म्हटलं, नाही. मग त्याने घाईने नर्सला हाक मारली, रक्त काढलं, कसलंसं इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी उठून बसली. मी खोटं सांगत नाही, जी बाई तेरा वर्षं जागी नव्हती ती उठून बसली आणि तिने चहा मागितला. दिराने माझ्यापुढे हात जोडले. आयुष्यभर दोन गोळ्या घ्याव्या लागतील, बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीने चहा प्यायला, कप माझ्याच हातात दिला आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले तर ती कूस बदलून झोपली.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने पोरगी आली. माझ्यापासून जरा लांब बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सच में?" तिने विचारलं.

"हो."

"छी," ती म्हणाली. मोठ्याने नाही, तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिलाच ते बरं वाटलं नसावं, कारण ती खाली पाहू लागली. मी म्हटलं, तुझी आई फार आजारी होती तेव्हा, तुला दुसरं दूध पचत नव्हतं. तिने मान हलवली. तेवढं तिला पटलं होतं. पण विचार चालू होता. कोणतीही गोष्ट सोडायची नाही, ही तिची सवय अगदी लहानपणापासूनची.

"तो आपने खुद का बच्चा क्यों नहीं किया?"

मी तिच्याकडे पाहिलं, या वेळी जपून नाही. तेरा वर्षांची, गालावर दोन पुटकुळ्या, रात्रभर जागून डोळे सुजलेले. उत्तर मला एका वाक्यात देता आलं असतं. ते वाक्य तिला जन्मभर वागवावं लागलं असतं.

"झालं नाही," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. तिच्या मनात काहीतरी जुळलं, ते मला चेहऱ्यावर दिसलं. "तभी मुझे पिलाया."

ती उठली आणि आईजवळ गेली. दार तिने हळूच लावून घेतलं. त्यानंतर ते लोक मंडईला आलेले नाहीत.